शिफारसपत्र म्हणजे वशिला नव्हे : अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलसाठी प्राध्यापकांकडे पत्र कसं मागायचं

(या भागाचं हे शब्दांकन. दोनदा बोललेली वाक्यं काढली आहेत, बाकी भाषा बोलतानाचीच ठेवली आहे.)

एरवी आपण इथे नोकरी, इंटरव्ह्यू, कोड यावर गप्पा मारतो. आज विषय जरा वेगळा आहे, आणि तो माझ्याकडे एका फोनमुळे आला.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत न्यू जर्सीहून मावशीचा फोन आला. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते. म्हणाली, "अरे, हिला मेडिकलला अर्ज करायचाय. प्रोफेसरांची पत्रं लागतात म्हणे. तू एमएससाठी अर्ज केले होतेस ना? तू कशी मिळवली होतीस?"

मी म्हटलं, "उद्या सांगतो मावशी, झोप आलीय." झोप वगैरे काही आली नव्हती. खरं उत्तर द्यायची लाज वाटली, एवढंच.

खरं उत्तर हे होतं. बीटेकच्या शेवटच्या वर्षी मी डिपार्टमेंटमध्ये सरांकडे गेलो. सरांनी मान वर न करता सांगितलं, "तूच लिहून आण, मी सही करतो." मी हॉस्टेलवर एका रात्रीत तीन सरांच्या नावांनी तीन पत्रं लिहिली. एकात 'सिन्सिअर आणि हार्डवर्किंग', दुसऱ्यात 'हार्डवर्किंग आणि सिन्सिअर', तिसऱ्यात जरा बदल म्हणून 'डेडिकेटेड'. सरांना दोष देऊन काय करू? एका डिव्हिजनला सत्तर पोरं, त्यातली निम्मी अर्ज करणारी. शिवाय चार वर्षांत मी त्यांच्या केबिनमध्ये फक्त सबमिशनच्या सहीसाठी गेलो होतो. सरांनी स्वतः लिहायचं ठरवलं असतं, तरी माझ्याबद्दल काय लिहिणार होते?

आजचा सगळा भाग या एका प्रश्नाभोवती आहे. तुमच्या प्राध्यापकाकडे तुमच्याबद्दल लिहिण्यासारखं काही आहे का? ते असेल तर पत्र मागणं सोपं आहे. नसेल तर कितीही छान ईमेल लिहा, उपयोग नाही.

आपला गोंधळ कुठून सुरू होतो

मावशी-काका साताऱ्याचे. त्यांच्या डोक्यात मेडिकल म्हणजे आपल्याकडचं मेडिकल. आपल्याकडे काय असतं? बारावी, मग नीट. 720 पैकी मार्क, त्यावर रँक, मग सीईटी सेलचे कॅप राउंड. तुमचे कॉलेजचे सर तुमच्याबद्दल काय म्हणतात, हे कुणीही विचारत नाही. 'शिफारस' हा शब्द ऐकला की आपल्याला आमदारसाहेबांचं पत्र आठवतं. म्हणजे वशिला.

अमेरिकेत रचनाच वेगळी आहे. तिथे बारावीनंतर थेट मेडिकल सहसा नसतं. आधी चार वर्षांची पदवी. त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बहुतेक ठिकाणी बायोकेमिस्ट्रीसुद्धा. मग एमकॅट ही परीक्षा. मग अर्ज, आणि त्यानंतर चार वर्षांचं एमडी. अर्जात जीपीए असतो, एमकॅटचा स्कोअर असतो, निबंध असतो, केलेल्या कामांची यादी असते, आणि ही पत्रं असतात. पुढे इंटरव्ह्यू. निबंध आणि यादी तुम्ही स्वतः लिहिता. तुमच्याबद्दल दुसरं माणूस बोलतं, ते फक्त पत्रात.

काकांचा पहिला विचार काय होता सांगू? "आपल्या मराठी मंडळातले डॉक्टर आहेत ना, मोठे कार्डिओलॉजिस्ट. हिला लहानपणापासून ओळखतात. ते देतील की झकास पत्र." गणपतीत आरतीला शेजारी उभे राहणारे काका, प्रेमाने लिहितीलही. पण त्यांनी तिला काम करताना पाहिलेलं नाही. कुटुंबाच्या मित्राचं पत्र कितीही मोठ्या नावाचं असलं, तरी वाचणाऱ्याला ते काहीच नवीन सांगत नाही.

एएएमसी म्हणून तिथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना आहे. पत्र लिहिणाऱ्यांसाठी त्यांच्या मार्गदर्शक सूचना आहेत. मावसबहिणीबरोबर व्हिडिओ कॉलवर बसून मी त्या वाचल्या. त्यातली एक सूचना मला फार आवडली. तिचा अर्थ असा, की विद्यार्थ्याची वकिली करू नका, तो मेडिकलसाठी किती योग्य आहे याचं खरं मूल्यमापन करा. आणखी एक म्हणजे, तुम्ही याला किती काळ, कोणत्या नात्याने ओळखता आणि स्वतः पाहिलेलं सांगताय का, हे लिहा. थोडक्यात, पत्र ही साक्ष आहे. वशिल्यात 'माझा माणूस आहे' एवढं पुरतं. साक्षीत 'मी हे पाहिलं' असं सांगावं लागतं.

पत्रं किती, कुणाची, आणि जातात कशी

आता जरा तांत्रिक भाग. बहुतेक एमडी कॉलेजांचा अर्ज ॲमकास या एकाच सेवेतून जातो. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डीओ कॉलेजांसाठी आणि टेक्सासच्या सरकारी कॉलेजांसाठी वेगळ्या सेवा आहेत, पण पत्रांचं तत्त्व तेच.

ॲमकासमध्ये पत्रांचे तीन प्रकार आहेत. पहिला कमिटी लेटर : तुमच्या कॉलेजात प्री-हेल्थ सल्लागार किंवा समिती असेल, तर ती तुमच्या वतीने एकत्रित मूल्यमापन लिहिते. दुसरा लेटर पॅकेट : कॉलेज वेगवेगळी पत्रं गोळा करून एका गठ्ठ्यात पाठवतं. तिसरा वैयक्तिक पत्र : एक लेखक, एक पत्र. तुमच्या कॉलेजात समिती असेल, तर तिच्याकडे आधी जा. त्यांच्या तारखा वेगळ्या आणि बऱ्याच लवकरच्या असतात. शिवाय समिती असूनही तिचं पत्र नसेल, तर काही मेडिकल स्कूल कारण विचारतात.

ॲमकासमध्ये जास्तीत जास्त दहा पत्रं घेता येतात. म्हणून दहा गोळा करायची नाहीत! प्रत्येक कॉलेजची मागणी वेगळी असते, ती त्यांच्या साइटवर बघायची. नेहमी दिसणारा साचा म्हणजे दोन विज्ञानाचे प्राध्यापक, एक विज्ञानाबाहेरचा, आणि त्याला जोड म्हणून संशोधनातले मार्गदर्शक, स्वयंसेवेच्या कामातल्या प्रमुख, किंवा ज्यांच्याबरोबर राहून तुम्ही दवाखान्याचं काम पाहिलं ते डॉक्टर. चार-पाच चांगली पत्रं असली की पुष्कळ झालं.

पत्र जातं कसं? तुम्ही अर्जात लेखकाचं नाव भरता. त्यावर एक क्रमांक तयार होतो आणि विनंतीचा फॉर्म मिळतो. तो पीडीएफ लेखकाला पाठवायचा. लेखक पत्र थेट अपलोड करतात. पत्र लेटरहेडवर आणि सहीसकट असावं. तुमच्या हातून पत्र जात नाही. इथेच 'तूच लिहून आण' या आपल्या पद्धतीपेक्षा फरक पडतो.

अजून एक शब्द ऐकायला मिळेल : वेव्हर. अमेरिकेत 1974 चा फर्पा नावाचा कायदा आहे. विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहायचा हक्क त्याने दिला. पत्राच्या बाबतीत हा हक्क तुम्ही स्वतःहून सोडू शकता, आणि बहुतेक सगळे तो सोडतात. कारण साधं आहे : विद्यार्थी वाचणार आहे हे माहीत असेल, तर लेखक हात राखून लिहितो, आणि पुढच्या वाचणाऱ्यालाही ते कळतं. मावशीला हे मुळीच पटेना. "म्हणजे आपल्या पोरीबद्दल काय लिहिलंय ते आपल्याला कळणारच नाही?" नाही मावशी. म्हणूनच कुणाला विचारायचं, हे एवढं महत्त्वाचं आहे.

कुणाला विचारायचं : ए मिळालेला वर्ग की बी-प्लसचा?

मावसबहिणीसमोर दोन नावं होती. एक ऑरगॅनिक केमिस्ट्रीचे प्रोफेसर. मोठं नाव, तीनशे मुलांचा वर्ग, तिला ए. दुसऱ्या फिजिऑलॉजीच्या लॅबच्या प्रोफेसर. वर्ग चोवीस जणांचा, ग्रेड बी-प्लस.

काकांचं मत सरळ होतं : जिथे ए तिथे पत्र. आपल्या हिशोबाने बरोबरच आहे ते.

ती आधी ऑरगॅनिकच्या सरांकडे गेली. त्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, लिहू शकतो, पण तुझी ग्रेड आणि वर्गातलं स्थान यापलीकडे माझ्याकडे काही नाही, ते पत्र तुझ्या फार उपयोगाचं होणार नाही. बाहेर येऊन तिने मला फोन केला. रडत होती. "दादा, मी इतका अभ्यास केला त्यांच्या विषयाचा. त्यांना माझं नावसुद्धा आठवत नव्हतं."

मी तिला म्हटलं, या माणसाने तुझ्यावर उपकार केलेत. ग्रेड अर्जात आहेच. तीच गोष्ट पत्रात पुन्हा लिहून काय मिळणार? माझ्या तीन पत्रांची गोष्ट मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली. मला कुणी 'नाही' म्हटलं नव्हतं, तिघांनी सही दिली होती. त्या सहीची किंमत किती होती ते मलाच माहीत.

आता लॅबच्या बाई. त्यांच्या वर्गात काय घडलं होतं? पहिल्या दोन लॅब रिपोर्टांत हिला वाईट मार्क पडले. हिने ऑफिस अवर्सला जाऊन विचारलं, की निष्कर्ष बरोबर असूनही मार्क का गेले. बाईंनी दाखवलं, की आलेख हवा तसा यावा म्हणून तिने एक विचित्र आकडा गाळला होता आणि त्याची नोंदही केली नव्हती. पुढच्या रिपोर्टात हिने तसाच एक आकडा ठेवला, का आला असेल त्यावर अर्धं पान लिहिलं. सेमिस्टरच्या शेवटी दुसऱ्या गटाला उपकरण लावायला हीच मदत करत होती. ग्रेड शेवटी बी-प्लस. पण चूक सांगितल्यावर ही मुलगी काय करते, हे त्या बाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टर होणाऱ्या माणसाबद्दल यापेक्षा कामाची साक्ष कोणती?

म्हणून नाव निवडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. या व्यक्तीला माझं नाव यादी न बघता आठवेल का? माझ्याबद्दल एक प्रसंग त्या सांगू शकतील का? आणि तो प्रसंग माझ्या ग्रेडमधून आधीच कळत नाही ना? तिन्हींचं उत्तर बरोबर आलं, तर पदनाम, प्रसिद्धी सगळं दुय्यम.

मोठ्या वर्गात तुम्हाला खरं ओळखणारा टीए असतो. अशा वेळी टीएने मजकूर लिहायचा आणि प्रोफेसरांनी त्यात भर घालून दोघांनी सही करायची, असंही चालतं. मात्र त्या कॉलेजला ते चालतं का, हे आधी तपासा.

ओळख आधी, मागणी नंतर

आपल्याकडच्या घरांतून गेलेल्या मुलांची इथे एक अडचण होते, ती मी बघितलीय. सरांकडे शंका घेऊन जाणं म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करणं, असं मनात बसलेलं असतं. नाहीतर पुढे-पुढे करणं, चमचेगिरी वाटते. मग हुशार मुलं चार वर्षं मागे बसून ए घेतात आणि शेवटी कुणाच्याच ओळखीची नसतात. मी असाच होतो, फक्त एवढे चांगले मार्क नव्हते.

ऑफिस अवर्स ही वेळ प्रोफेसरांनी त्यासाठीच ठेवलेली असते. जाताना खरा प्रश्न घेऊन जा. 'हे परीक्षेला येणार का' हा प्रश्न नव्हे. लेक्चरमध्ये अडलेली पायरी, वाचताना न पटलेलं विधान, स्वतःच्या पेपरमधली चूक. सेमिस्टरमध्ये तीन-चार वेळा गेलात तरी पुरे. छोट्या वर्गाचे विषय मुद्दाम घ्या. एखादे प्रोफेसर आवडले तर त्यांचा दुसरा विषय घ्या, त्यांच्या लॅबमध्ये जागा आहे का विचारा.

प्रत्यक्ष मागताना

वेळेचं गणित असं. ॲमकासचा अर्ज मे महिन्यात उघडतो आणि मेअखेर-जूनच्या सुरुवातीपासून पाठवता येतो. तोही पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी. म्हणजे मागणी त्या वर्षीच्या जानेवारी ते मार्चमध्ये व्हायला हवी. लेखकाला किमान सहा ते आठ आठवडे द्या. दिलासा एवढाच, की पत्रं आली नाहीत म्हणून अर्ज पाठवायचा थांबत नाही. ॲमकास तुमची पडताळणी पत्रांसाठी अडवून ठेवत नाही. पण बरीच कॉलेजं पत्रं आल्याशिवाय फाइल पूर्ण धरत नाहीत, तेव्हा उशीर अंगावर येतोच.

मध्ये एक-दोन वर्षं थांबून अर्ज करणार असाल, तर पत्र आत्ताच मागा. इंटरफोलिओसारख्या सेवेत लेखक ते ठेवू शकतात, नंतर तिथून ॲमकासला जातं. दोन वर्षांनी प्रोफेसरांना तुमचा चेहरा आठवेल, पण तो लॅब रिपोर्ट आठवणार नाही.

पहिला ईमेल छोटा असू द्या. इंग्रजीतच लिहायचा, पण आशय असा : मी अमुक सेमिस्टरला तुमच्या लॅबमध्ये होते. या वर्षी मेडिकल स्कूलला अर्ज करतेय. त्याबद्दल बोलायला पंधरा मिनिटं भेटू शकाल का? मग समोरासमोर विचारायचं. आणि तिथला प्रश्न नीट ऐका. 'पत्र द्याल का' असं विचारायचं नाही. विचारायचं असं : "माझ्याबद्दल ठामपणे चांगलं पत्र लिहिता येईल इतकं तुम्ही मला ओळखता, असं तुम्हाला वाटतं का?"

यात समोरच्याला मान राखून नाही म्हणायला जागा मिळते. उत्तर आढेवेढे घेत आलं, "हो, म्हणजे, लिहीन काहीतरी" अशा सुरात, तर आभार मानून दुसरीकडे जा. मनात नसलेल्या माणसाकडून ओढून घेतलेलं पत्र तुमचं नुकसानच करतं.

हो म्हटलं, की त्याच दिवशी एक फाइल पाठवा : रेझ्युमे, निबंधाचा कच्चा मसुदा, त्यांच्या विषयातलं तुमचं एखादं काम, ॲमकासचा फॉर्म, नक्की तारीख, आणि एक पान आठवणींचं. हे पान महत्त्वाचं. 'मी मेहनती आहे' असं त्यात लिहू नका. 'तिसऱ्या रिपोर्टात मी तो आकडा ठेवला होता, त्यावर आपण बोललो होतो' असं लिहा. विशेषणं त्यांची त्या शोधतील, तुम्ही फक्त प्रसंग आठवून द्या.

आणि तिथेही कुणी म्हटलं, "मसुदा तूच लिही"? असं होतं कधीकधी. तेव्हा हे आठवणींचं पान पुढे करा आणि नम्रपणे सांगा, की मला मुद्दे देता येतील, पण शब्द तुमचे असावेत असं वाटतं. तरीही हट्ट धरला, तर दुसरं नाव बघा. हॉस्टेलवरच्या त्या रात्रीबद्दल मला आज जे वाटतं, ते तुम्हाला दहा वर्षांनी वाटू नये.

आठवण करून द्यायची? जरूर. तारखेच्या दोन आठवडे आधी एक छोटी ओळ, मग आठवडाभर आधी एक. पत्र पोचलं की आभाराची चिठ्ठी, जमल्यास हाताने लिहिलेली. काकांना मिठाईचा बॉक्स आणि चांदीचा गणपती पाठवायचा होता. मी म्हटलं काका, आत्ता काही पाठवू नका. पत्राच्या बदल्यात वस्तू, असं दिसायला नको. निकाल लागल्यावर मुलीने स्वतः जाऊन सांगावं, काय झालं ते. प्रोफेसरांना तेच हवं असतं, आणि तेच सांगायचं बरेच जण विसरतात.

शेवटी

लॅबच्या बाईंनी विचारल्यावर लगेच हो म्हटलं. "तो आकडा माझ्या लक्षात आहे," असंही म्हणाल्या. पत्रात काय लिहिलं ते आम्हाला माहीत नाही, कळणारही नाही. मावशीची त्यावरून अजून थोडी चिडचिड होते. दोन ठिकाणांहून इंटरव्ह्यूचं बोलावणं आलंय. ते पत्रामुळे आलं असं मी म्हणणार नाही, अर्जात बाकीही बरंच काही होतं. पुढे काय होतं ते बघू.

तुमच्या घरात, नात्यात कुणी तिकडे कॉलेजच्या पहिल्या वर्षात असेल, तर हा भाग त्यांना आत्ताच पाठवा. शेवटच्या वर्षी ऐकून फारसा उपयोग नाही. आणि इथल्या कॉलेजात असाल, एमएसचा विचार असेल, तरी उद्या सबमिशनच्या सहीला गेलात की एक खरा प्रश्न पण घेऊन जा. सर मान वर करतील. निदान माझा तरी असा अंदाज आहे, कारण मी कधी करून बघितलं नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.